व्हॉइसओव्हरमध्ये शिरू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी माईकसमोर बसून, म्हणजे व्हॉइसओव्हर (पडद्यामागून आवाज देण्याचं काम) करून, पोट भरते. त्यामुळे ओळखीपाळखीतून "आमच्या मुलीला आवाजाच्या क्षेत्रात यायचंय, जरा सांगा ना" असे निरोप सतत येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि माझी उत्तरंही तीच, म्हणून एकदा बसून लिहून काढली. जिथे माणसं खरोखर अडतात तिथे मी लांबण लावली आहे. बाकीचं झटपट उरकलं आहे.

सगळे म्हणतात माझा आवाज छान आहे. मग काम मिळेल ना?

छान आवाजाची माणसं पुष्कळ आहेत. स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलेल्या दिग्दर्शकाला एवढंच ऐकायचं असतं, की हे वाक्य या माणसाला आत्ता, या क्षणी सुचलं असं वाटतंय का. तसं वाटलं तर आवाज साधा असला तरी भागतं. नाही वाटलं तर मखमली आवाजही दहा सेकंदांत कंटाळवाणा होतो.

घरच्या घरी एक परीक्षा घ्या. एकच शब्द: "आलास?" रात्री उशिरा दार उघडणारी आई तो म्हणते, तेव्हा त्यात काळजी मिटल्याचा सुस्कारा असतो. तासभर ताटकळलेला मित्र म्हणतो, तेव्हा "ला" ताणला जातो आणि शेवट वर चढतो. पैसे बुडवून पळालेला माणूस चार वर्षांनी दारात उभा राहिला, तर हाच शब्द खाली पडतो, जवळजवळ प्रश्नचिन्ह नसल्यासारखा. तिन्ही फोनवर रेकॉर्ड करा आणि ज्याला यातलं काही माहीत नाही अशा कुणाला तरी ऐकवा. कोणतं कुणाचं हे त्याने न सांगता ओळखलं, तर तुमच्याकडे भांडवल आहे. "तिन्ही मस्त आहेत" असं म्हणाला, तर अजून मेहनत आहे.

माझा आवाज बारीक आहे / घोगरा आहे / वय वाटत नाही.

चालतं. भारदस्त पुरुषी आवाजाशिवाय जाहिरात होत नाही हा काळ कधीच मागे पडला. प्रौढ बायका लहान मुलांचे आवाज देतात, आणि बारीक आवाजाची माणसं त्यात वर्षानुवर्षं काम करतात.

रेकॉर्ड केलेला माझाच आवाज मला ऐकवत नाही. असं का?

बोलताना तुमचा आवाज तुम्हाला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून आणि कवटीच्या हाडांतून. हाडांतून येणाऱ्या आवाजात खर्ज जास्त असतो, म्हणून स्वतःला आपण भरदार वाटतो. माईकला फक्त हवेतला आवाज मिळतो. जग तुम्हाला आजवर तोच ऐकत आलं आहे. रोज पंधरा मिनिटं स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकत गेलात की महिन्याभरात दचकणं थांबतं. ही सवय टाळू नका. आपलंच ऐकून चूक पकडता येणं हा या धंद्यातला अर्धा अभ्यास आहे.

वेगवेगळे आवाज काढता येत नाहीत. नकलाही जमत नाहीत. मग कार्टून आणि गेम्स विसरू का?

नकला आणि पात्र या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतले कार्टूनचे आवाज-कलाकार मेल ब्लँक (1908–1989) यांनी बग्ज बनी, डॅफी डक, सिल्व्हेस्टर मांजर अशी पात्रांची फौज एकट्याच्या आवाजात उभी केली. त्यातले डॅफी आणि सिल्व्हेस्टर यांचे आवाज मुळात जवळजवळ एकच. डॅफीच्या रेकॉर्डिंगचा वेग फक्त वाढवलेला असे. तरी ऐकणाऱ्याला ते दोन वेगळे प्राणी वाटतात, कारण दोघांची चिडण्याची तऱ्हा वेगळी आणि घाई वेगळी. पात्राला काय हवंय, ते कशाला घाबरतं, ते ठरलं की आवाज त्याच्या मागोमाग येतो. आधी विचित्र आवाज काढून मग त्यात माणूस शोधायला गेलात, तर तिसऱ्या पानावर तो आवाज हातातून सुटतो आणि घसाही धरतो.

वाचल्यासारखं वाटतं, असं सगळे सांगतात. ते कसं घालवू?

या एका प्रश्नावर माझी दोन वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर.

वाचल्यासारखं वाटण्याची कारणं बहुधा तीन असतात. एक, प्रत्येक वाक्याचा शेवट त्याच सुरावर पडतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे "आहे, होतं, केलं" यांवर आवाज टेकवायची सवय आपल्याला शाळेच्या वाचनापासून लागलेली असते. ऐकणाऱ्याला ओळीमागून ओळ पायऱ्या उतरल्यासारखी वाटते. दोन, सगळ्याच शब्दांना महत्त्व दिलं जातं. तीन, आपण कुणाशी बोलतोय हे ठरवलेलंच नसतं.

स्क्रिप्ट हातात आली की मी आधी पेन्सिल घेते. समजा वाक्य आहे: "या अॅपमुळे तुमचा हिशेब आता दोन मिनिटांत होतो." इथे नवी माहिती काय? दोन मिनिटं. म्हणून फक्त त्याच्याखाली रेघ. "आता" या शब्दाला जोर द्यायचा मोह होतो, पण तो दिला की विक्रेता डोकावतो. "होतो" वर उतरायचं नाही, तो शब्द तसाच सोडून द्यायचा. मग मी मनात एक माणूस उभा करते. माझ्या बाबतीत तो बहुधा माझा मावसभाऊ असतो, कारण त्याला हिशेबाचा मनापासून कंटाळा आहे. वाक्याआधी त्याने काहीतरी म्हटलंय असं धरायचं: "छे गं, कोण बसणार ते करत!" आणि त्याला उत्तर म्हणून वाक्य सुरू करायचं. लागलंच तर पहिल्या टेकला (टेक म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) "अरे," असं तोंडाने म्हणायचं आणि एडिटमध्ये ते कापून टाकायचं. या एका "अरे" ने माझी कितीतरी कामं वाचवली आहेत.

आणखी एक. हात बांधून बसू नका. बोलताना हात हलतात तसे माईकसमोरही हलू द्या, फक्त टेबलावर आपटू नका.

मराठी तर आपलीच भाषा आहे. उच्चारांवर वेगळं काम लागतं का?

लागतं, आणि नवशिक्यांची मोठी शिकार इथेच होते.

च आणि ज प्रत्येकी दोन प्रकारे उच्चारले जातात, आणि लिपी त्यांचा फरक दाखवत नाही. "चार" मधला च वेगळा, "चारा" मधला वेगळा. "हे जग मोठं आहे" आणि "तू मोकळेपणाने जग" यांतले ज वेगळे. रोजच्या बोलण्यात कुणी चुकत नाही, पण कागदावर पाहून वाचताना भलेभले घसरतात. न-ण आणि ल-ळ तर आहेतच. अनुस्वाराचंही तसंच. "सिंह", "संयम", "संवाद" हे शब्द लिहिल्यासारखे वाचले की कानाला खटकतात.

मग आकडे. स्क्रिप्टमध्ये 79 असं छापलेलं असतं आणि तुमची जीभ एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांच्यामध्ये अडकते. 1.5 ला दीड म्हणायचं की एक पूर्णांक पाच, 2.5 ला अडीच की दोन पॉइंट पाच, हे रेकॉर्डिंगच्या आधी विचारून घ्या. नंतर बदलायचं तर पूर्ण वाक्य पुन्हा बोलावं लागतं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र लेखी आणि बोली रूपांची. लिहिणारा "त्यांनी सांगितले, पाणी आले" असं लिहितो. माहितीपटाच्या निवेदनात हे शोभतं. पण मैत्रिणीशी गप्पा मारणाऱ्या जाहिरातीत "आले" आलं की सगळं मुसळ केरात. तिथे "आलं, सांगितलं" हवं. परस्पर बदलू नका, आधी विचारा, पण विचाराच. असं विचारणाऱ्या कलाकाराची आठवण क्लायंट ठेवतो.

तुमच्या बोलण्यात गावाकडचा हेल असेल तर तो पुसून टाकायच्या मागे लागू नका. प्रमाण उच्चार शिकून घ्या, म्हणजे हवा तेव्हा हेल लावता येईल आणि हवा तेव्हा काढता येईल. डबिंगमध्ये असा अस्सल हेल शोधत लोक फिरत असतात.

कामं असतात तरी कसली?

जाहिराती सगळ्यांना दिसतात, म्हणून सगळे तिकडेच धावतात. प्रत्यक्षात पोट भरतं ते न दिसणाऱ्या कामांवर: कंपन्यांची प्रशिक्षणाची मोड्यूल्स, समजावून सांगणारे छोटे व्हिडिओ, फोनवर "एक दाबा, दोन दाबा" म्हणणारा आवाज, सरकारी माहितीच्या ध्वनिफिती, ऑडिओबुक, माहितीपट. याशिवाय डबिंग, अॅनिमेशन, गेम्स. नव्याने येणाऱ्याला मी प्रशिक्षणाच्या मोड्यूल्सपासून सुरुवात करायला सांगते. काम रुक्ष असतं, पण तासन्‌तास एकाच पातळीवर, एकाच वेगात, न थकता बोलायची सवय तिथे होते.

माईक कोणता घेऊ?

आधी खोली बघा, माईक नंतर. तरी विचारताच आहात म्हणून सांगते. गोंगाटाच्या, आवाज शोषणारं काही नसलेल्या खोलीत डायनॅमिक माईक बरा पडतो, कारण तो जवळचं घेतो आणि लांबचं फारसं घेत नाही. खोली शांत आणि मऊ असेल तर कंडेन्सर माईक बारकावे छान पकडतो. कंडेन्सरला सहसा 48 व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) लागतो आणि तो ऑडिओ इंटरफेसमधून, म्हणजे माईक संगणकाला जोडणाऱ्या डबीतून, मिळतो. यूएसबी माईकने सुरुवात केली तरी बिघडत नाही.

माईक तोंडासमोर अगदी सरळ ठेवू नका, थोडा तिरका ठेवा. मराठीत फ, भ, ख, थ, ठ अशी हवा फेकणारी व्यंजनं ठासून भरलेली आहेत. "भरभराट" म्हणून बघा, हातावर वारा जाणवेल. तो वारा थेट माईकच्या पडद्यावर आदळला की "भप्प" असा आवाज येतो आणि तो नंतर नीट निघत नाही. पॉप फिल्टर (हा वारा अडवणारी जाळी) लावा, वीतभर अंतर ठेवा. फार जवळ गेलात की खर्ज फुगतो. काहींना तो भारदस्तपणा वाटतो, पण दुसऱ्या दिवशी पिकअप द्यायची, म्हणजे एखादं वाक्य पुन्हा बोलून जोडायची, वेळ आली की तेच अंतर पुन्हा सापडत नाही.

खोलीचं काय? स्टुडिओ बांधायला पैसे नाहीत.

मलाही नव्हते. माझं पहिलं लांब काम मी कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून केलं. हसू नका, टांगलेले कपडे आवाज उत्तम शोषतात.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम, आणि आतला आवाज भिंतींवर आपटून परत येऊ न देणं हे दुसरं. भिंतीला चिकटवायचा फोम फक्त दुसरं काम करतो, आणि तेही प्रामुख्याने वरच्या पट्ट्यांसाठी. रस्त्यावरची गाडी त्याने थांबत नाही. ती थांबवायला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं. अंड्यांचे ट्रे चिकटवून काहीही होत नाही. जाड रजया, गाद्या, पुस्तकांनी भरलेली कपाटं, गालिचा यांनी मात्र बरंच होतं. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागून "टिंग" असा शेपटीसारखा आवाज आला तर तो कोपरा सोडा.

कपाटातल्या त्या कामाची पुढची गोष्टही सांगते. सहा प्रकरणं वाचून पाठवली आणि सहाच्या सहा परत आली. मागे एक बारीक घरघर होती. मला ती ऐकू येत नव्हती, कारण त्या घरात ती मी रात्रंदिवस ऐकत होते. भिंतीपलीकडचा फ्रिज! त्यानंतर रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे तो पुन्हा सुरू करायला विसरत नाही. तेव्हापासून रोज काम सुरू करण्याआधी मी अर्धा मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड करते आणि हेडफोनवर आवाज पूर्ण वाढवून ते ऐकते.

सॉफ्टवेअर आणि सेटिंग?

ऑडॅसिटी फुकट आहे आणि सुरुवातीला पुरतं. रीपरही बरेच जण वापरतात. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो, डब्ल्यूएव्ही फाइल, आणि बोलताना सर्वांत मोठा आवाज उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण), एवढं लावून ठेवा. क्लायंटने वेगळं मागितलं तर तसं द्या.

ऑडिओबुकचे नियम कडक असतात. उदाहरणार्थ एसीएक्स या मंचाला सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल हवी असते, शिखर, म्हणजे सर्वांत मोठा आवाज, उणे 3 च्या वर चालत नाही, आणि शांततेतला आवाज उणे 60 च्या खाली असावा लागतो. सुरुवातीला आकडे डोक्यावरून जातात. एक प्रकरण त्या मापात बसवून बघितलं की कळून येतं.

आवाज सफाईचे प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधनं) बेताने वापरा. घरघर काढायच्या नादात शब्दांच्या कडा खरवडल्या जातात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. त्यापेक्षा घरघर असलेलं रेकॉर्डिंग बरं, एखादा जाणकार ते सुधारू तरी शकतो.

डेमोमध्ये काय टाकू?

डेमो म्हणजे काम मागताना ऐकवायचा तुमच्या आवाजाचा नमुना. साठ ते नव्वद सेकंद, त्याहून जास्त नाही. ऐकणारा पहिल्या दहा सेकंदांतच ठरवतो, म्हणून सर्वांत चांगलं आधी. जाहिरातीचा डेमो वेगळा, निवेदनाचा वेगळा, पात्रांचा वेगळा. एकाच फाइलमध्ये राक्षस, आजी आणि म्युच्युअल फंडाची सूचना असं कडबोळं करू नका. सुरुवातीला संगीत नको, नावाचा लांबलचक परिचयही नको.

घाई मात्र करू नका. कच्चा डेमो ऐकवला की त्या माणसाच्या डोक्यात तुम्ही कच्चेच राहता, आणि वर्षभराने सुधारित डेमो पाठवलात तर तो उघडेलच असं नाही.

अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. हे कोडं कसं सोडवू?

लिब्रिव्हॉक्स नावाचा प्रकल्प 2005 पासून चालू आहे. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचतात आणि ती सगळ्यांना मोफत मिळतात. वेगवेगळ्या भाषांतली पुस्तकं तिथे आहेत. ऑडिशन नसते. छोटी चाचणी फाइल पाठवायची, तांत्रिक बाजू ठीक आहे का ते दुसरे स्वयंसेवक ऐकून सांगतात. पैसे मिळत नाहीत, आणि रेकॉर्डिंगवर तुमचा हक्कही राहत नाही, हे समजून उतरा. पण एक अख्खं पुस्तक तडीस नेलं की स्वतःची खरी कुवत समजते. अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या संस्थांनाही वाचक लागतात.

नफ्यावर चालणाऱ्या कंपनीसाठी मात्र फुकट काम करू नका. "या वेळी बजेट नाही, पुढच्या वेळी नक्की" या वाक्यातली पुढची वेळ मी तरी पाहिलेली नाही.

ऑडिशन पाठवते, पण उत्तरच येत नाही.

येत नाहीच. नकार कळवायची पद्धत या धंद्यात नाही. पाठवा आणि विसरा.

पाठवताना दोन गोष्टी मात्र सांभाळा. फाइलचं नाव त्यांनी सांगितलं तसंच द्या, आणि एकच वाक्य दोन वेगळ्या तऱ्हांनी म्हणा. दुसरा टेक पहिल्याचीच नक्कल असेल तर तो पाठवण्यात अर्थ नाही. शेकडो फाइली ऐकणारा माणूस सूचना न वाचणाऱ्याला आधी बाजूला काढतो.

क्लास लावू का?

अभिनयाचा लावा. नाटकाच्या कार्यशाळेत गेलेला पैसा मला कधी वाया गेलेला वाटला नाही. आवाजाच्या क्लासमध्ये जाणार असाल तर शिकवणारा स्वतः सध्या काम करतो का, आणि तासाला प्रत्येकाला माईकसमोर किती वेळ मिळतो, हे दोन प्रश्न विचारा. वीस जणांच्या वर्गात तीन मिनिटं वाट्याला येणार असतील तर घरीच बसा.

पैसे कसे मोजतात?

इथे नवखे फसतात, कारण ते "मिनिटाला किती" एवढंच विचारतात. कामानुसार मोजमाप बदलतं. ऑडिओबुकमध्ये बहुधा तयार झालेल्या तासाला दर असतो. ऐकायला तो छान वाटतो, पण एक तयार तास म्हणजे वाचन, चुका, एडिट आणि तपासणी धरून नवशिक्याचे सहा-सात तास सहज जातात. दराला त्या तासांनी भागून बघा. प्रशिक्षणाच्या कामात शब्दांवर किंवा मिनिटांवर, डबिंग आणि गेम्समध्ये बऱ्याचदा सत्रावर.

जाहिरातीत दोन भाग असतात, रेकॉर्डिंगचा मोबदला आणि वापराचा. तीच जाहिरात फक्त समाजमाध्यमांवर तीन महिने चालणार की टीव्हीवर दोन वर्षं, यावर दुसरा भाग ठरतो. म्हणून दर सांगण्याआधी विचारायचं: कुठे वाजणार, किती काळ, कुठल्या प्रदेशात? "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" असं लिहिलेलं दिसलं तर ते घाऊक विकणं आहे, आणि त्याची किंमत तशीच लावायची. स्क्रिप्ट त्यांनी बदलली तर रीटेकचे पैसे वेगळे, चूक तुमची असेल तर फुकट. हे आधीच लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवर लिहून घेतलं तरी चालेल, पण तोंडी ठेवू नका.

फसवणूक कशी ओळखावी?

काम देण्यासाठी जो तुमच्याकडूनच पैसे मागतो, तो काम देणारा नसतो. "नोंदणी शुल्क भरा, आमच्या यादीत घेतो", "डेमो आमच्याकडेच करून घ्या, मग काम नक्की" ही नेहमीची आमिषं. दुसरा प्रकार, ऑडिशनच्या नावाखाली अख्खी स्क्रिप्ट वाचून घेणं. चार-पाच ओळी पुरेशा असतात. जास्त मागितलं तर मध्येच एखादा शब्द मुद्दाम बदला किंवा रेकॉर्डिंगच्या खाली हलका सूर लावून पाठवा, म्हणजे ती फाइल परस्पर वापरता येणार नाही.

तिसरा प्रकार नवा आहे. एकमेकांशी संबंध नसलेली शेकडो वाक्यं वाचून मागतात, प्रत्येक वेगळ्या फाइलमध्ये, सपाट आवाजात. असं काम बहुतेक वेळा यंत्राला आवाज शिकवण्यासाठी असतं. ते करणं गैर नाही, पण तसं स्पष्ट सांगून, त्याच्या मोबदल्यात आणि त्याच्या करारानेच.

एआयमुळे हा धंदा बुडणार आहे का?

काही भाग बुडला आहे. फोनवरचे साधे संदेश, स्वस्तातले माहितीचे व्हिडिओ यंत्राकडे गेले आणि ते परत येणार नाहीत. नवशिक्यांची शिडी तिथूनच सुरू व्हायची, म्हणून हे मनाला लागतं, मान्य. जिथे दिग्दर्शक "जरा कमी रड, पण रडू येतंय हे कळू दे" असं म्हणतो, तिथे अजून माणूसच लागतो.

अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा या कलाकारांच्या संघटनेने व्हिडिओ गेम्सच्या कंपन्यांविरुद्ध 26 जुलै 2024 पासून संप केला. त्यात मुख्य वाद याच मुद्द्याचा होता. संप 2025 च्या जूनमध्ये थांबला, आणि नव्या करारात कलाकाराच्या संमतीशिवाय त्याची यांत्रिक प्रतिकृती वापरता येऊ नये अशी तरतूद आली. आपल्यामागे एवढी मोठी संघटना असो नसो, करारात एक ओळ आपण घालू शकतो: "हे रेकॉर्डिंग कृत्रिम आवाज बनवण्यासाठी किंवा यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरता येणार नाही." मी दर वेळी घालते. काही जण कुरकुर करतात, बहुतेक जण मान्य करतात.

डबिंगला लिपसिंक कसं जमतं?

ओठ मिटणारी अक्षरं जुळवायची. पडद्यावर ओठ मिटले की तिथे प, ब, भ किंवा म यावा. बाकीच्या ठिकाणी डोळा बरंच माफ करतो. दुसऱ्या भाषेतून मराठीत येताना खरी डोकेदुखी शेवटाची. मूळ वाक्य ओठ मिटून संपतं आणि आपलं "आहे" किंवा "नाही" वर, तोंड उघडं ठेवून. मग जागेवरच शब्द फिरवावे लागतात. "तो आता घरी नाही" चं "घरी कुठाय तो आत्ता, साहेब" होतं, आणि शेवटच्या "साहेब" ने ओठ मिटतात. चांगला डबिंग कलाकार अर्धा भाषांतरकार असतो.

काही ठिकाणी तुमच्या ओळीआधी तीन बीप देतात. चौथा बीप वाजत नाही, त्या जागी तुम्ही बोलायला सुरुवात करायची. पहिल्या दिवशी सगळेच चौथ्या बीपची वाट बघत बसतात.

घशाची काळजी?

भरपूर पाणी, पण रेकॉर्डिंगच्या पाच मिनिटं आधी घटाघटा नाही. पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना ते थेट शिवतही नाही. त्यांचा ओलावा दिवसभराच्या पिण्यातून येतो. खाकरू नका, त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात; आवंढा गिळा किंवा घोटभर पाणी घ्या. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, बसलेल्या आवाजाला गप्प राहणंच मानवतं. सुरुवातीला ओठांचं फुर्रर्र करत सूर वर-खाली नेणं, आणि स्ट्रॉमधून गुणगुणणं, एवढं पाच मिनिटं केलं तरी फरक पडतो. गेममधली ओरडाआरडी सत्राच्या शेवटी ठेवायला सांगा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ बसलेला राहिला तर घरगुती उपाय सोडा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

तोंडातले चिटचिट आवाज हा वेगळा त्रास. हिरव्या सफरचंदाची फोड चावून बघा. जगभरातले ऑडिओबुक वाचणारे ती माईकशेजारी ठेवतात.

नोकरी सोडू का?

नाही. सलग सहा महिने या कामातून घरखर्च निघेपर्यंत तर नाहीच.

उद्या पहिल्यांदा स्टुडिओत जायचंय. काय लक्षात ठेवू?

सुती, न सळसळणारे कपडे घाला. बांगड्या, घड्याळ, खिशातली नाणी बाहेर काढून ठेवा. फोन व्हायब्रेटवर नको, बंद. स्क्रिप्ट कागदावर असेल तर पिन काढा आणि पानं सुटी पसरून ठेवा, बोलता बोलता पान उलटायचं नाही. पेन्सिल न्या. हेडफोनमध्ये शांतता पसरली आणि काचेपलीकडे सगळे आपापसांत बोलताना दिसले, की घाबरू नका. दहापैकी नऊ वेळा ते जेवण काय मागवायचं यावर बोलत असतात. दिग्दर्शकाने सूचना दिली की "पण मी तसंच केलं" असं म्हणू नका, पुन्हा करा.

आणि उपाशी जाऊ नका. धाकधुकीत माणसं जेवत नाहीत, मग भावुक प्रसंगाच्या ऐन मध्यावर पोट गुरगुरतं आणि कंडेन्सर माईक ते इमानेइतबारे टिपतो. माझ्या पहिल्या दिवशी साऊंड इंजिनिअरने टॉकबॅकवरून (काचेपलीकडून आत बोलायचा माईक) विचारलं होतं, "ताई, आत तुमच्यासोबत अजून कोणी आहे का?"